बेडफर्ड हिल्सचा वर्ग

१९८८ साली न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगांत दाखल होणाऱ्या बायकांच्या रक्ताची एक पाहणी झाली. तुरुंगात आल्या आल्या नेहमीच्या तपासण्यांसाठी सगळ्यांचंच रक्त घेतलं जायचं. त्यातलं उरलेलं रक्त नाव-नंबर काढून टाकून एचआयव्हीसाठी तपासलं गेलं. १८.८ टक्के बायकांच्या रक्तात विषाणू सापडला, म्हणजे पाचात जवळपास एक. पुरुष कैद्यांपेक्षाही हे प्रमाण थोडं जास्त होतं.

पाहणी निनावी होती. संमतीशिवाय कुणाची चाचणी करून तिच्या नावाने निकाल ठेवणं अन्यायाचं झालं असतं, त्यामुळे निनावीपणा योग्यच होता. पण त्याचा परिणाम काय झाला? सरकारला आकडा कळला. ज्यांच्या शरीरातून तो आकडा आला त्या बायकांना काहीच कळलं नाही. पाचातली ती एक कोण, हे ना तिला ठाऊक होतं, ना तिच्या शेजारच्या कोठडीतल्या बाईला. प्रत्येकीच्या मनात एकच प्रश्न होता, ती मी तर नसेन? आणि तो विचारायचा कुणाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला या तुरुंगांपैकीच एका, बेडफर्ड हिल्स तुरुंगातल्या बायका उभ्या राहिल्या. त्यांनी काय केलं आणि ते कुठवर पोचलं, हे मराठी वाचकांना सविस्तर सांगावं असं मला फार वाटतं. तुरुंगातल्या बायकांना लैंगिक आरोग्याचं शिक्षण द्यायला हवं, असं आपण म्हणतो तेव्हा शिकवणारे बाहेरचे आणि शिकणाऱ्या आतल्या असंच चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. बेडफर्ड हिल्समध्ये ते उलटं झालं. आतल्या बायका आधी एकमेकींच्या शिक्षिका झाल्या, आणि मग त्यांच्यातल्या काहींनी देशाच्या आरोग्ययंत्रणेलाही तिची चूक दाखवून दिली.

बेडफर्ड हिल्स हे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला वेस्टचेस्टर काउंटीतलं गाव. झाडीचा, सुखवस्तू माणसांच्या घरांचा हा टापू. तिथे १९०१ पासून बायकांचा तुरुंग आहे. त्यात जन्मलेल्या बाळांना काही काळ आईजवळ ठेवणारं पाळणाघरही तेव्हापासूनच आहे. अमेरिकेत इतका जुना असा दुसरा उपक्रम नाही. ऐंशीच्या दशकात हा राज्यातला बायकांसाठीचा कडेकोट बंदोबस्ताचा एकमेव तुरुंग होता. आणि त्या दशकात तो भराभर भरत गेला. १९७३ साली गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी अमली पदार्थांविरुद्ध अतिकठोर कायदे आणले होते. दोन औंस हेरॉइन विकलं किंवा चार औंस जवळ सापडलं, तर किमान पंधरा वर्षं आणि कमाल जन्मभर अशी शिक्षा. पुढे शहरात क्रॅक कोकेन आलं आणि गरीब वस्त्यांतल्या काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या बायका मोठ्या संख्येने या फाटकातून आत येऊ लागल्या. यातल्या पुष्कळजणी सुईने नशा करणाऱ्या होत्या, किंवा तशी नशा करणाऱ्या पुरुषांबरोबर राहिलेल्या. काहींनी पोटासाठी, काहींनी नशेसाठी शरीर विकलं होतं. विषाणूला यायला वाट मोकळी होती.

याच तुरुंगातल्या १५० बायकांशी सविस्तर बोलून अँजेला ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या ५९ टक्के. लहानपणी घरच्या मोठ्या माणसांकडून जबर मार खाल्लेल्या ७० टक्के. मोठेपणी नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून जबर मारहाण झालेल्या ७५ टक्के. हे आकडे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे गेले नाही. कारण लैंगिक आरोग्याचं कुठलंही पत्रक उघडलं की त्यात एक वाक्य असतंच: जोडीदाराला निरोध वापरायला सांगा. नुसतं ‘नाही’ म्हटल्यावर जिचा जबडा फुटला आहे, तिने हे कसं सांगायचं? ते पत्रक लिहिणाऱ्याने अशा बाईचा विचारच केलेला नसतो.

डॉक्टर तरी जवळचे होते का? त्याचं उत्तर न्यायालयाच्या निकालात नोंदलेलं आहे. बेडफर्ड हिल्सच्या बायकांनी सत्तरच्या दशकात तुरुंगातल्या वैद्यकीय सोयींविरुद्ध खटला लढवला आणि १९७७ मध्ये तो जिंकला. ‘टोडारो विरुद्ध वॉर्ड’ या नावाने तो अमेरिकेच्या तुरुंगकायद्यात ओळखला जातो. दुखणं सांगायला आलेल्या बाया रांगेत उभ्या राहायच्या, नर्स गजांच्या आणि जाळीच्या खिडकीपलीकडे. काही सेकंदांत बोलणं उरकायचं. डॉक्टरकडे पाठवायचं की नाही, ते त्या काही सेकंदांत ठरायचं. अंगावरून जातंय, ओटीपोटात कळा येतात, संबंधाच्या वेळी रक्त जातं, ही वाक्यं मागे रांग उभी असताना जाळीतून मोठ्याने बोलायची. किती जणी बोलल्या असतील? न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि सुधारणा करायला लावल्या. पण खिडकी बदलली म्हणून तोंडं उघडली असं होत नाही. दहा वर्षांनी नवा आजार आला तेव्हा डॉक्टरांवर विश्वास ठेवायची सवयच कुणाला नव्हती.

१९८५-८६च्या सुमाराला तुरुंगात बायका मरू लागल्या. आजारी बाईला रुग्णविभागात हलवलं जाई आणि ती परत येत नसे. आत राहिलेल्यांना कारण कुणी सांगत नसे, आणि कारण तर सगळ्यांना ठाऊक असे. बेडफर्डच्या बराकीतून छोटी स्वयंपाकघरं होती, बायका एकत्र रांधून खायच्या. एखादीबद्दल कुजबुज सुरू झाली की तिच्या भांड्यांना कुणी हात लावेना. ती न्हाणीघरातून बाहेर आली की दुसरी आत जाईना. एखादी चार दिवस खोकली की तिच्याकडे माना वळायच्या. पहारेकरीही घाबरलेलेच. ज्या बायकांनी बाहेर असताना एकाच सुईने नशा केली होती त्यांना आता एकमेकींच्या कपातलं पाणी नकोसं झालं. हे अज्ञान तर होतंच, पण त्याच्या खाली स्वतःबद्दलची भीती होती. शेजारणीला लांब ठेवलं की आपल्याला काही झालेलं नाही असं मनाला सांगता येतं.

मग पाचजणींनी मिळून अधीक्षकांना एक प्रस्ताव लिहिला. या आजाराविषयी आम्हीच आमच्या बायकांशी बोलतो, आम्हाला परवानगी द्या, एवढंच मागणं. अधीक्षक होत्या इलेन लॉर्ड. त्यांनी हो म्हटलं. या होकाराचं मोल कमी लेखू नये. कैद्यांनी आपणहून संघटित होणं म्हणजे बंडाची पहिली पायरी, असंच तुरुंगाचं व्यवस्थापन मानत आलेलं आहे. याच बेडफर्ड हिल्समध्ये १९७४ मध्ये बायकांनी उठाव केलेला होता. परवानगी मिळाल्यावर पाचजणींनी तुरुंगातल्या ज्या बायका समंजस वाटतात, ज्यांच्या शब्दाला बराकीत किंमत आहे, अशांना एकेकीला गाठलं. पस्तीस झाल्यावर थांबल्या आणि पहिली बैठक बोलावली. १९८८ साल होतं. संघटनेचं नाव ठेवलं ‘एड्स काउन्सेलिंग अँड एज्युकेशन’. आद्याक्षरांवरून सगळ्या तिला ‘एस’ म्हणू लागल्या.

सुरुवात करणाऱ्यांत कॅथी बुडिन आणि ज्युडिथ क्लार्क होत्या. त्या कोण हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ऑक्टोबर १९८१ मध्ये न्यूयॉर्कजवळ ब्रिंक्स कंपनीच्या पैशांच्या गाडीवर सशस्त्र दरोडा पडला. क्रांतीसाठी पैसा उभा करतो आहोत अशी दरोडेखोरांची समजूत. त्यात एक रखवालदार आणि दोन पोलीस अशी तीन माणसं मारली गेली. या दोघी त्या गुन्ह्यात सामील होत्या. बुडिनला वीस वर्षं ते जन्मठेप, क्लार्कला पंचाहत्तर वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. ज्यांच्या घरातली माणसं त्या दिवशी गेली त्यांच्या हिशेबात तुरुंगातल्या कुठल्याही चांगल्या कामाने काही वजा होत नाही, आणि व्हायलाही नको. पण हेही खरं की या दोघी शिकलेल्या, लिहित्या होत्या. तुरुंगात लांबच लांब वर्षं समोर होती आणि आजूबाजूला बायका मरत होत्या. ते शिक्षण, तो वेळ त्यांनी इथे लावला. तरीही ‘एस’ फक्त त्यांची म्हणून चालणार नाही. तिचा कणा होत्या त्या बायका, ज्यांना हा आजार स्वतःला होता किंवा ज्यांची बहीण, मैत्रीण, जोडीदार त्याने गेला होता. त्यांतली एक कॅटरिना हॅस्लिप. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

त्यांनी स्वतःसाठी चार कामं लिहून काढली. लागण थांबवून जीव वाचवायचे. ज्यांना लागण झाली आहे त्यांना माणसासारखं जगता यावं अशी परिस्थिती करायची. ज्यांच्या मनात भीती आणि प्रश्न आहेत त्यांना आधार आणि माहिती द्यायची. आणि सुटून बाहेर जाणारीसाठी बाहेरच्या संस्थांशी पूल बांधायचा. याच चार ओळींत पुढची सगळी वर्षं बसतात.

काम सुरू झालं ते वर्गात नव्हे, रुग्णविभागात. तिथे पडून असलेल्या बायकांना भेटायला ‘एस’च्या बायका जाऊ लागल्या. त्यांना अंघोळ घालणं, केस विंचरणं, खायला करून नेणं, हात धरून बसणं. हे सेवेचं काम होतं यात शंका नाही, पण माझ्या मते तोच पहिला धडाही होता. स्पर्शाने हा रोग होत नाही असं शंभरदा सांगून जे पटत नाही, ते बराकीतली आपली ओळखीची बाई आजारी बाईचं अंग पुसून आली आणि आपल्याशेजारी जेवायला बसली की दिसतं.

वर्गही लवकरच सुरू झाले. हळूहळू अनुभवातून नऊ सत्रांचा एक अभ्यासक्रम तयार झाला. विषाणू म्हणजे काय, तो कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, चाचणी करावी की नाही, उपचार, कलंक, बाईचं शरीर आणि हा आजार, सुरक्षित संबंध. या शिक्षिकांपैकी काहींनी शाळा अर्धवट सोडलेली होती. आधी त्या स्वतः शिकल्या, बाहेरच्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना बोलावून, प्रश्न विचारून. मग शिकवायला उभ्या राहिल्या. समोर बसलेल्यांत कुणाला वाचता येत नव्हतं, कुणाला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून स्पॅनिशमधूनही सत्रं घ्यावी लागली. फळ्यावर लिहून दाखवण्यापेक्षा प्रसंग उभा करून दाखवण्यावर भर. सुटून घरी गेलेली बाई, वर्षानुवर्षांचा जोडीदार, आणि आज तिला निरोधचा विषय काढायचा आहे. एक बाई ती झाली, दुसरी तो झाली. ‘तो’ झालेली बाई नेमकी तीच वाक्यं बोलायची जी प्रत्येकीने ऐकलेली: माझ्यावर विश्वास नाही का, तुरुंगात दुसरं कुणी भेटलं का, मग रात्री येतेस कशाला. बघणाऱ्या बायकांनी उत्तरं सुचवायची. मारायला उठला तर काय करायचं, हेही त्यात आलं. पत्रकात नसलेलं ते प्रकरण इथे होतं, कारण ते माहीत असलेल्या बायका ते शिकवत होत्या.

शरीराचं शिक्षण तर मुळापासून द्यावं लागलं. मुलं झालेल्या बायकांनाही गर्भाशयाचं मुख म्हणजे काय, पॅप तपासणीत नेमकं काय घेतात आणि कशासाठी, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तुरुंगातला डॉक्टर तपासतो तेव्हा आपण काय विचारू शकतो, कशाला नकार देऊ शकतो, हेही ठाऊक नव्हतं. लहानपणी अत्याचार सोसलेल्या बाईला अंतर्गत तपासणीचं टेबल नुसतं बघून घाम फुटतो. ती तपासणी टाळते, वर्षानुवर्षं टाळते, आणि कर्करोग आत वाढत राहतो. तिला ‘निष्काळजी’ म्हणणारा शेरा केसपेपरवर सहज लिहिला जातो. ‘एस’च्या वर्गात ती गोष्ट बोलता आली, कारण ऐकणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक बायकांची गोष्ट तीच होती.

आणखी एक अवघड जागा होती. तुरुंगात बायकांमध्ये शरीरसंबंध असतात, प्रेमही असतं. नियमांनुसार तो गुन्हा. मग जी गोष्ट अधिकृतपणे घडतच नाही ती सुरक्षितपणे कशी करावी हे शिकवायचं कसं? जगातले पुष्कळ तुरुंग इथे येऊन अडतात. संरक्षणाची साधनं दिली तर संबंधांना मान्यता दिल्यासारखं होतं, म्हणून ती देत नाहीत, आणि लागण होत राहते. साधनं देणं ‘एस’च्या हातात नव्हतंच. पण त्यांनी हा विषय वगळलाही नाही. त्या नाव घेऊन बोलल्या.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन. शरीराविषयी स्पष्ट बोलण्याची किंमत काय असते हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण मासिक वाचायला अक्षर लागतं, एकांत लागतो, वर्गणीचे पैसे लागतात. बेडफर्डच्या बायकांपाशी यांतलं काहीच नव्हतं. त्यांच्यापाशी एकमेकी होत्या, आणि बंद फाटकामुळे रोज तीच माणसं भेटत होती. शिक्षणाला लागणारं सातत्य त्यांना शिक्षेनेच दिलं, असं म्हणताना मन कचरतं, पण वस्तुस्थिती तीच आहे.

अडथळे होतेच. तुरुंगातला कुठलाही उपक्रम मर्जीवर चालतो. अधिकारी बदलला, एखादी तक्रार गेली, एखाद्या पहारेकऱ्याला संशय आला की बैठक रद्द. समुपदेशनासाठी दोघींनी एका खोलीत शांतपणे बोलायचं म्हटलं तरी सुरक्षेचा प्रश्न उभा राहायचा. गुप्तता पाळायची तर ती अशा जागी, जिथे कोण कुठल्या दारातून किती वाजता आत गेलं हे दोनशे डोळे बघतात. चाचणीविषयी घाईने ‘करून घ्या’ असं ‘एस’ने कधी म्हटलं नाही, ते मला विशेष वाटतं. ऐंशीच्या दशकाअखेर औषध म्हणावं असं एकच होतं, १९८७ मध्ये मान्य झालेलं एझेडटी. निकाल फुटला तर मुलांचा ताबा जाण्यापासून बराकीत वाळीत पडण्यापर्यंत काहीही होऊ शकत होतं. तेव्हा चाचणीआधी बसून बोलायचं. कळल्यावर काय करशील, कुणाला सांगशील, रात्री एकटी असशील तेव्हा काय? आणि निकालानंतर तिला सोडायचं नाही.

आता कॅटरिना हॅस्लिप. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्सची काळी मुस्लिम तरुणी. पाकीटमारीच्या गुन्ह्यात १९८५ मध्ये तुरुंगात आली. तिथे कायद्याच्या ग्रंथालयात कामाला लागली आणि वाचता वाचता इतर कैदी बायकांचे अर्ज, तक्रारी लिहून देण्याइतकी तयार झाली. अमेरिकेत अशा कैद्यांना ‘जेलहाउस लॉयर’ म्हणतात आणि बराकीत त्यांना मोठा मान असतो. तिला एचआयव्ही असल्याचं तुरुंगातच कळलं. आधी तिनेही ते लपवलं. पुढे ‘एस’मध्ये तिने ते उघडपणे सांगितलं, आणि तिच्या सांगण्याने इतरांची तोंडं उघडली. सप्टेंबर १९९० मध्ये ती सुटली आणि लगेच सुटलेल्या बायकांसाठी ‘एस-आउट’ उभी करायला लागली. चौथं काम, पुलाचं.

बाहेर आल्यावर तिच्यासमोर जे आलं ते समजायला थोडं मागे जायला हवं. एड्स झाला असं कुणाला म्हणायचं, याची व्याख्या अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी करत असे. १९८७च्या व्याख्येत ठरावीक आजारांची यादी होती. विषाणूबाधित माणसाला त्या यादीतलं काही झालं, उदाहरणार्थ न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया किंवा कापोसी सार्कोमा हा कातडीवर दिसणारा कर्करोग, तर तो एड्सचा रुग्ण. ही यादी प्रामुख्याने पुरुष रुग्णांना बघून बनली होती. बाधित बायकांना मात्र वेगळ्याच गोष्टींनी घेरलेलं होतं. पुन्हा पुन्हा होणारा आणि औषधाला न बधणारा योनीमार्गाचा बुरशीसंसर्ग, ओटीपोटातली जीवघेणी सूज, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. यांतलं काहीच यादीत नव्हतं. त्यामुळे बाई एचआयव्हीने मरायची आणि कागदोपत्री तिला एड्स नसायचा. आणि कागदावर नसलं की सोशल सिक्युरिटी या सरकारी यंत्रणेकडून अपंगत्वाचा भत्ता नाही, औषधांच्या चाचण्यांत जागा नाही, घराची मदत नाही. आजारी बाईला ‘तू काम करू शकतेस’ असं सांगून परत पाठवलं जाई.

या बायकांचे खटले घेणारी एक तरुण वकील होती, टेरी मॅकगव्हर्न. गरिबांना कायदेशीर मदत देणाऱ्या कचेरीत काम करताना तिच्याकडे अशा बायका एकामागून एक येऊ लागल्या, तेव्हा तिने ‘एचआयव्ही लॉ प्रोजेक्ट’ सुरू केला आणि १९९०च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारवर दावा ठोकला. त्याच सुमाराला वॉशिंग्टनमध्ये आरोग्य खात्यासमोर मोठी निदर्शनं झाली. कॅटरिना तिथे गेली. ती पॅरोलवर होती, राज्याबाहेर जाणं म्हणजे पुन्हा तुरुंगात जाण्याची जोखीम. तरी गेली आणि बोलली.

तिच्या बोलण्यात ताकद कुठून आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यादी चुकीची आहे हे तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. बेडफर्डच्या वर्गात वर्षानुवर्षं बायका आपापल्या दुखण्याविषयी बोलल्या होत्या. एकीला जे होतं तेच दुसरीला, तेच तिसरीला. ज्या तक्रारी डॉक्टरपुढे सुट्या सुट्या, लाजत, अर्धवट सांगितल्या जायच्या त्या तिथे एकत्र मांडल्या गेल्या, आणि त्यातून आकृती दिसली. ज्या वैद्यकीय संस्थांपाशी पैसा आणि प्रयोगशाळा होत्या, त्यांनी ती आकृती बघितली नव्हती, कारण या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

दोन वर्षं लढा चालला. सीडीसीने आधी फक्त रक्तातल्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या दोनशेच्या खाली गेल्यास एड्स मानू, असा प्रस्ताव ठेवला. बायकांच्या आजारांविषयी मौनच. कार्यकर्त्या मागे हटल्या नाहीत. अखेर १ जानेवारी १९९३ पासून नवी व्याख्या लागू झाली. तिच्यात पेशींच्या संख्येबरोबर गर्भाशयाच्या मुखाचा पसरलेला कर्करोग, फुप्फुसाचा क्षय आणि वारंवार होणारा न्यूमोनिया यांचा समावेश झाला. त्या एका वर्षात अमेरिकेत एड्सच्या रुग्ण म्हणून नोंद झालेल्या बायकांची संख्या आदल्या वर्षाच्या अडीचपट झाली. आजार एका रात्रीत वाढला नव्हता. आधीपासून आजारी असलेल्या बायका मोजल्या जाऊ लागल्या होत्या. सोशल सिक्युरिटीनेही त्याच वर्षी आपले नियम बदलले.

कॅटरिना २ डिसेंबर १९९२ रोजी गेली. तेहतीस वर्षांची होती. नवी व्याख्या लागू व्हायला महिनाही उरला नव्हता.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगते. १९९४ मध्ये एझेडटी गरोदरपणात दिलं तर बाळाला होणारी लागण पंचवीस टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर येते असं सिद्ध झालं. तुरुंगात गरोदर असलेल्या बायकांपुढे चाचणीचा प्रश्न आता नव्याने उभा राहिला, आणि त्याची उत्तरं बदलली. १९९६ पासून एकत्रित औषधं आली, मरण टळू लागलं. १९९८ मध्ये ‘एस’च्या बायकांनी आपला सगळा अनुभव ‘ब्रेकिंग द वॉल्स ऑफ सायलेन्स’ या पुस्तकात मांडला. लेखक म्हणून नाव संघटनेचं. नऊही सत्रं त्यात तपशिलाने दिली आहेत, कुणालाही उचलून वापरता यावीत अशी. कॅथी बुडिन २००३ मध्ये सुटली, कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागली आणि २०२२ मध्ये वारली. ज्युडिथ क्लार्क २०१९ मध्ये पॅरोलवर बाहेर आली.

आता आपल्याकडे वळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांत बायका २३,७७२, म्हणजे शंभरात चार. १,५३७ बायकांबरोबर त्यांची १,७६४ मुलं आत होती. देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. मध्यवर्ती कारागृहांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ते जवळपास दोन टक्के, म्हणजे दहापट निघालं. बेडफर्डच्या तुलनेत हे कमी वाटेल. पण तिथेही सुरुवातीला कुणी बघितलंच नव्हतं.

कायद्याच्या बाबतीत आपण मागे नाही. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सरकारच्या ताब्यात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला एचआयव्हीचा प्रतिबंध, समुपदेशन, चाचणी आणि उपचार मिळण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१० मध्ये स्त्री-कैद्यांसाठी केलेल्या बँकॉक नियमांत सॅनिटरी पॅडपासून पॅप तपासणीपर्यंत सगळं आलं आहे. सतरावा नियम सांगतो की स्त्री-कैद्यांना लैंगिक आजार आणि स्त्रियांच्या विशिष्ट दुखण्यांविषयी शिक्षण मिळालं पाहिजे. चौदावा नियम त्याही पुढे जातो. एचआयव्हीचे कार्यक्रम आखताना कैदी बायकांनी एकमेकींना शिकवण्याच्या उपक्रमांना उत्तेजन द्यावं, असं तो म्हणतो. हे वाक्य जागतिक दस्तऐवजात येण्याच्या बावीस वर्षं आधी पस्तीस बायका एका खोलीत जमल्या होत्या.

भायखळा किंवा येरवड्याच्या महिला कारागृहात आरोग्य शिबिर होतं तेव्हा डॉक्टर येतात, व्याख्यान होतं, फोटो निघतात. हे व्याख्यान बंद करा असं माझं म्हणणं नाही. माझं मागणं वेगळं आहे. ज्या बायका लांब शिक्षा भोगत आहेत, ज्यांना बराकीत मान आहे, अशा दहाजणींना आठवड्यातून दोनदा एक खोली द्या, जिथे दार लोटून घेता येईल. त्यांच्याबरोबर एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक समुपदेशक नियमित बसू देत. कच्च्या कैदी लवकर सुटतात, त्यांच्यासाठी सत्रं आखूड ठेवावी लागतील. मराठीबरोबर हिंदी, बंगाली बोलणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यातूनही शिक्षिका निवडाव्या लागतील. अधिकारी बदलला तरी वर्ग बंद पडू नये यासाठी लेखी आदेश लागेल. बेडफर्डची नऊ सत्रं जशीच्या तशी उचलून चालणार नाहीत, कारण आपल्या बायकांचे नवरे, सासर, नाती, जात, सुटल्यावर परत जायची गावं वेगळी आहेत. नवऱ्याने तुरुंगात असताना दुसरी बाई घरात आणली, आता सुटून त्याच घरी जायचं आहे, हा प्रसंग त्या दहाजणीच उभा करतील. त्यात त्या नवऱ्याच्या तोंडी कुठली वाक्यं घालायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागणार नाही.